ठिणगी बघायचं लुगडं

परवा दुकानात एक गिऱ्हाईक आलं. घाईत होतं. काउंटरवर गाडीची किल्ली आपटत म्हणालं, "शैलाबेन, एक इलेक्ट्रॉनिक किट द्या. प्लगला करंटच येत नाय." आमच्या ह्यांनी शिडी लावून वरचं खोकं काढायला घेतलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "किट नंतर घ्या. आधी अर्थिंग बघितलंत का?"

गिऱ्हाईक गेलं अर्थिंग बघायला. परत काही आलं नाही, म्हणजे दोष सापडला असणार. हे शिडीवरूनच म्हणाले, "जनूकाका गेले, पण आपलं दुकान बुडवायचं काम तुझ्यावर सोपवून गेले." मी हसले, आणि मग एकदम हसता येईना. आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

डहाणूला स्टेशनच्या बाजूला आमचं गाड्यांच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. दुकान ह्यांचं आणि तोंड माझं, असं बाजारात म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही. मनात आलं की ओठावर आलंच. त्यावरून माझी सासरी, माहेरी, बाजारात, सगळीकडे भांडणं झालेली आहेत. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

जनूकाका वाढवणचे. तलासरी नाक्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. गाडीचं इंजिन उघडायचं काम ते करत नसत, फक्त वायरिंग. दिवे, हॉर्न, सेल्फ, बॅटरी आणि पेट्रोल गाडीच्या प्लगला येणारा करंट. अंगाने किडकिडीत, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि गळ्यात टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, तर करंट पोचतो का बघायला एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. पण तो त्यांच्या गळ्यात उपरण्यासारखा कायम. एकदा नात्यातल्या लग्नात पंगतीला बसले तेव्हासुद्धा गळ्यात तोच, आणि कमळकाकी वाढता वाढता म्हणाली, "अवो, निदान जेवताना तरी तो हार काढा." कमळकाकी म्हणजे त्यांची बायको. काढला त्यांनी, आणि नीट गुंडाळून पाटाखाली ठेवला.

आमच्या दुकानात यायचे ते माल घ्यायला, पण मी म्हणेन की माझा धंदा मोडायला. कोणी प्लगला करंट देणारी कॉइल मागायला आलं की काका काउंटरला टेकून बशीतला थंड चहा पीत शांतपणे म्हणणार, "बाय, त्याला कॉइल देव नको." मला ते बाय म्हणत. मग त्या माणसाला विचारणार, बॅटरीची काळी तार कुठे लावली आहे? किती दिवसांत काढून घासली नाही? बाहेर जाऊन त्याच्या गाडीत डोकं घालणार. दहातल्या सात वेळा माझी कॉइल कपाटात परत. मी चिडायची. म्हणायची, "काका, तुम्ही चहा माझा पिता आणि गिऱ्हाईक माझंच परत पाठवता." त्यावर ते नुसते हसत. त्यांना पुढचे दात नव्हते, त्यामुळे हसले की लहान मूल दिसत. पुढे चिडता येत नसे.

त्यांचं एकच म्हणणं होतं. "करंट जाताना सगळे बगतात, बाय. परत येताना कोण बगत नाय. होडी गेली म्हणजे काम झाला काय? ती परत आली पायजे ना." बॅटरीतून निघालेला करंट गाडीच्या लोखंडी अंगातून फिरून बॅटरीत परत येतो, तेव्हा काम होतं. ती परतीची वाट म्हणजे अर्थिंग. एक बोल्ट गंजला, एक तार सैल झाली की वाट बंद, मग पुढे कितीही नवा माल लावा. म्हणून ते कुठल्याही गाडीला हात लावताना परतीच्या वाटेपासून सुरुवात करत. शेवटच्या टोकापासून मागे मागे येत. गिऱ्हाईक घाई करत, अहो, करंट नाही तर प्लग बघा की, आणि हे बॅटरीच्या काळ्या तारेखालचा गंज खरवडत बसलेले.

होडीचं बोलायचे खरे, पण स्वतः होडीवर कधी टिकले नाहीत. सात पिढ्या मासेमारीच्या घरात जन्म, आणि समुद्र लागायचा. खाडीच्या तोंडापर्यंत जाईतो ओकून ओकून पांढरेफटक व्हायचे. बापाने दोन मोसम नेऊन पाहिलं, मग म्हणाला, हा जमिनीवरच ठेवायचा मासा आहे. धाकट्या भावाने, दामूने, होडी सांभाळली आणि हे वायरिंग शिकले. घरात त्यांच्या कामाची कोणाला समजच नव्हती, कारण होडीला डिझेल इंजिन, डिझेलला ठिणगी लागत नाही. भाऊ चेष्टा करायचा, "आमचा दादा आगपेटी दुरुस्त करतो." काका ओटीवर बसत ते नेहमी समुद्राकडे पाठ करून. मी विचारलं तर म्हणाले, त्याचं माझं बोलणं नाय.

आता त्या लुगड्याचं सांगते.

प्लगला करंट येतो की नाही बघायचं तर प्लग काढून इंजिनावर टेकवतात, इंजिन फिरवायला सेल्फ मारतात, आणि टोकाला निळी ठिणगी उडते का ते बघतात. पण आमच्याकडचं ऊन असं, की भर दिवसा ठिणगी दिसतच नाही. बाकीचे हाताचा आडोसा करतात, अंदाज बांधतात. काकांनी त्यासाठी कमळकाकीचं एक जुनं नऊवारी लुगडं ठेवलं होतं. ते उघड्या बॉनेटवरून खाली सोडायचं की आत अंधार. काका किल्लीपाशी, आणि लुगड्याच्या आत वाकून बघायला कमळकाकी. ती मासळी विकायला तलासरीच्या बाजारात बसायची, सकाळीच टोपली रिकामी झाली की शेडमध्ये यायची. काका सेल्फ मारणार आणि विचारणार, "दिसली काय?" आतून आवाज यायचा, "नाय." मग काहीतरी घासायचं, जोडायचं. पुन्हा, "दिसली काय?" आणि मग आतून, "आली, आली." त्या "आली"साठी नाक्यावरचे रिक्षावालेसुद्धा थांबून बघत. एकदा एक वऱ्हाड तिथे अडकलं होतं, नवरदेवासकट. मुहूर्त टळत चाललेला, पाच जण पाच सल्ले देतायत. काकीने लुगड्याच्या आतूनच ओरडून सांगितलं की गप बसा, ह्यांना ऐकू येत नाय. आणि थोड्याच वेळात "आली" म्हणून ती बाहेर आली ती नाकावर काळं लावून. नवरदेव तिच्या पाया पडला. काकांच्या नाही, तिच्या. काकांना त्याचं केवढं कौतुक, वर्षभर सांगत होते.

मूलबाळ नव्हतं त्यांना. मी एकदा तेही तोंडावर विचारलं होतं, माझं तोंडच तसं. काकी म्हणाली, "नाय झाला. आमी दोगंच बरी." विषय तिथे संपला.

त्यांच्याकडे एक जुनी गाडी होती, गोल दिव्यांची, एका चिकूवाडीवाल्याने काढून टाकलेली. तिला सगळे म्हातारी म्हणत. वाढवण ते तलासरी रोज त्याच गाडीतून दोघं. काका चालवणार, काकी मागच्या सीटवर टोपली घेऊन, खिडक्या सगळ्या उघड्या. काचेवर मागे, आमच्याकडे होऊ घातलेल्या बंदराविरुद्धचा, "बंदर नको"चा कागद चिकटवलेला, तो आमच्या किनाऱ्याला घराघरावर आहे तसाच. त्या म्हातारीला जुन्या पद्धतीचे पॉइंट होते. ठिणगी पाडायला आत धातूच्या दोन टिकल्या उघडतात, मिटतात, त्यांना पॉइंट म्हणतात. खाऱ्या हवेत ते सारखे काळे पडायचे. काका आठवड्याला ते घासत, त्यांना त्याचं काही वाटत नसे. बाजारात इलेक्ट्रॉनिक किट आलं, पॉइंट काढून टाकायचे आणि त्या जागी एक बंद डबा बसवायचा, घासायची कटकट नाही. मी कितीदा म्हटलं, घ्या. ते म्हणत, "बंद डब्यात काय चाललाय ते दिसत नाय, बाय. दिसत नाय त्याच्यावर मी काय भरोसा ठेवू?"

मग काकीची किडनी गेली.

एक दिवसाआड वापीला डायलिसिसला न्यायचं. वाढवणहून निघून तलासरीवरून हायवेने गुजरातेत शिरायचं, काकीला यंत्रावर झोपवायचं, दुपारभर बसायचं, परत यायचं. टोपली बंद झाली, शेडही अर्धी बंदच. काकी मात्र तिथल्या नर्सांशी गुजरातीत गप्पा मारून सगळ्यांची लाडकी होऊन बसली. कोणाला सुकट, कोणाला सुके बोंबील. स्वतःला तसलं खारट काही खायला बंदी, पण दुसऱ्याला खाऊ घालण्याची हौस गेली नव्हती.

एका सकाळी हायवेवर पॉइंट काळे पडले आणि म्हातारी बंद पडली. काकांनी रस्त्याच्या कडेला ते घासून गाडी चालू केली, फार वेळ गेला नाही, पण काकी मागे बसून धापा टाकत होती आणि बाजूने ट्रक जात होते. त्याच संध्याकाळी ते दुकानात आले. चहा नको म्हणाले. म्हणाले, "बाय, तो बंद डबा दे."

किट त्यांनी दोन दिवस खपून बसवलं. असं किट मी कुठल्याच गाडीत बसवलेलं पाहिलं नाही. डब्याची परतीची काळी वायर ज्या बोल्टला लावायची, तिथला पत्रा त्यांनी कानशीने घासून चांदीसारखा केला, बोल्ट नवा घातला, वर ग्रीस लावलं. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. किट बसवल्यावर एक गोष्ट पाळावी लागते, इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवायची नाही, डबा नि कॉइल तापून जातात. पण काकीला तर वापीहून परतताना गाडी कुठे थांबली की गाणी लागत. तर काकांनी रेडिओची वायर बॅटरीवरून सरळ वेगळी आणली, किल्लीशी संबंधच नाही. काकी माझ्या दुकानासमोर गाडीत बसून जुनी गाणी ऐकायची आणि आत काका औषधांच्या गप्पा मारायचे, कोणत्या गोळीने पायाची सूज उतरते वगैरे. करंटशिवाय दुसरं बोलू लागलेला तो माणूस बघून मला गलबलून यायचं.

आमच्या किनाऱ्याला एक रीत आहे. नारळी पौर्णिमेच्या आधी होड्या रंगवतात, आणि होडीचा उरलेला रंग कोणी टाकून देत नाही. तो दाराला लागतो, तुळशीच्या कट्ट्याला लागतो, सायकलला, पाळण्याला, जे लोखंड-लाकूड घरात असेल त्याला लागतो. कोणाचं घर कोणत्या होडीचं ते दारावरून ओळखावं. खारा वारा सगळं खातो, म्हणून रंग हेच औषध. त्या वर्षी दामूने होडीला मोरपंखी रंग दिला होता. डबा अर्धा उरला. काकीला त्या आठवड्यात जरा बरं होतं. काका शेडवर दुसऱ्या गाडीने गेलेले. तिने दामूच्या बायकोकडून बॉनेट उघडून घेतलं आणि स्टूल टाकून आतून म्हातारीला रंग द्यायला बसली. आत गंज धरला होता ना. काका परत आले तर आतली बाजू मोरपंखी. ते म्हणाले, "म्हातारी नटली." दुसऱ्या दिवशी मला फोन करून सांगितलं. आवाजात आनंद मावत नव्हता, की कमळ काल आपल्या हाताने काम करत होती.

त्यानंतर काही दिवस गाडी नीट चालली. आणि मग डायलिसिसच्याच एका सकाळी काकांचा फोन आला. "बाय, म्हातारी चालू होत नाय. ठिणगी नाय. एक डबा नि एक कॉइल घेवन ये, लगेच."

मी रिक्षा केली आणि वाढवणला पोचले. जे बघितलं ते डोळ्यांपुढून जात नाही. काकी बॉनेटपाशी खुर्चीवर बसली होती, पाय सुजून गोळा झालेले, श्वास लागलेला, आणि अंगावरून ते लुगडं घेऊन वाकून प्लगकडे बघत होती. काका सेल्फ मारत होते. "दिसली काय?" "नाय." त्यांनी माझ्या हातातून डबा जवळजवळ ओढून घेतला. जुन्या डब्याचे जोड काढले, नव्याला घातले. काळी वायर बोल्टला होती तिथेच राहिली, ती त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली, तिच्याकडे बघायचं कशाला? "दिसली काय?" "नाय." कॉइल बदलली. "दिसली काय?" काकीने उत्तर दिलं, पण ते खोकल्यात गेलं.

मी इतकी वर्षं त्यांना बघत आले होते. परतीच्या वाटेपासून सुरुवात करणारा माणूस, आणि आज नुसता माल बदलत होता, माझ्या गिऱ्हाइकांसारखा. पाना दोनदा खाली पडला. टेस्ट लॅम्प गळ्यात होता, त्याला हातसुद्धा लावला नाही. मलाही सुचलं नाही, हे खरं. माझं लक्ष काकीच्या ओठांकडे होतं, ते काळसर पडत होते. शेवटी दामूने मासळीचा टेम्पो थांबवला. काकीला पुढे बसवलं, काका मागे बर्फाच्या पेट्यांवर बसले आणि टेम्पो वापीकडे गेला. नेहमीची वेळ केव्हाच टळून गेली होती.

त्या दिवशी ती वाचली. दोन रात्री ठेवून घेतलं आणि मग घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, पाणी छातीत गेलं होतं, पण आता ठीक आहे. मी देवाला नारळ फोडला.

ती घरी आल्यानंतर लगेचच काका दुकानात आले. उभेच राहिले. काउंटरवर एक डबा ठेवला, तो जुना काढलेला. म्हणाले, "हा चांगला हाय. काय झाला नव्हता त्याला." मग दोन हात काळी वायर मागितली. मी वायर मोजता मोजता विचारलं, मग दोष कुठे होता? दवाखान्यातून परत आल्यावर त्यांनी गाडी पहिल्यापासून धरली, परतीच्या टोकापासून, आणि काळ्या वायरचा बोल्ट काढला. बोल्टखाली, जिथे त्यांनी पत्रा चांदीसारखा घासला होता तिथे, मोरपंखी रंग होता. आट्यातसुद्धा रंग. काकीने वरूनच रंग दिला असं त्यांना वाटलं होतं. पण तिचं काम अर्धवट नसे. बोल्ट काढून, खालचा गंज दिसला तो पुसून, रंग लावून, वाळवून तिने बोल्ट परत घट्ट बसवला होता. थोडे दिवस आट्याच्या एखाद्या कोपऱ्यातून करंट परत जात राहिला असेल, मग खाऱ्या दमट हवेने तेवढीही वाट बंद झाली.

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर केला. "तिला कळता कामा नये, बाय. मी तिला सांगितलाय, डबा गेला होता. तू पण तेच सांगायचा."

"आणि तिथला रंग?" मी विचारलं.

"रंग तिनं लावलाय. तो मी काढणार नाय. दुसऱ्या बोल्टला नवी वायर टाकतो." आणि मग, दुसरीकडे बघत, "माजी चूक हाय. मी परतीची वाट बगितली नाय. जगाला सांगत फिरलो नि त्या दिवशी बगितली नाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ते मलाच समजावायला लागले, की असू दे, आता चालते गाडी.

त्यानंतर काही आठवड्यांनी काकी नेहमीसारखी दुकानासमोर गाडीत बसली होती. काका समोर औषधं आणायला गेले होते. मी तिला शहाळं द्यायला गेले, तर म्हणाली शहाळं मला चालत नाय, तू पी, आणि इथे बस. मी बसले. तिने रेडिओ बारीक केला. ती फार बारीक झाली होती, हातावर सुयांच्या गाठी.

"शैला, डबा गेला नव्हता ना?"

मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे उत्तर मिळालंच.

"मी बगितला बॉनेट उघडून. नवी काळी वायर टाकलीय, माज्या रंगाला वळसा घालून." ती हसली. "एवडी वरसं त्यांच्या बाजूला बसून ठिणगी बगितली. अर्थिंगखाली कोरा पत्रा लागतो, हे मला ठाव नाय काय? पण त्या दिवशी गंज दिसला नि रंगच डोक्यात. तेवडाच विसरले. गाडी माज्यासाटी एवडी धावते, म्हटला, तिला एक हात रंग द्यावा."

मी म्हटलं, काकी, त्यांना सांग ना, तुला माहीत आहे म्हणून. दोघंही मोकळी व्हाल.

तिने मान हलवली. "नको. त्यांना वाटता, मला कळला नाय. तेवडा एकच समाधान हाय त्यांच्याकडे. ते रातचे मला विचारतात, कमळ, डबा खराब निगाला, काय करणार? मी म्हणते, कंपनीचाच माल तसा. मग झोप लागते त्यांना." माझा हात धरला तिने. "तू बोलायची नाय. मी गेले तरी बोलायची नाय. तुजा तोंड मला माहीत हाय."

काका समोरून पिशवी घेऊन येताना दिसले, आणि तिने रेडिओचा आवाज वाढवला.

पावसाळ्यानंतर कमळकाकी गेली. घरीच, सकाळी, चहा होईतो. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं, त्या चुकलेल्या दिवसाचा काही संबंध नाही असंही सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. ऐकून घेतलं एवढंच.

त्यांनी शेड बंद केली. मी तलासरीला गेले की नाक्यावर बघत असे, पत्रा खाली ओढलेला. दुकानात आले नाहीत. मीच कधी वाढवणला जाऊन बघून यायची. ओटीवर बसलेले असायचे, आणि आता समुद्राकडे तोंड करून. मी म्हटलं, काय काका, बोलणं सुरू झालं वाटतं? ते म्हणाले, "त्याच्याशी कसला भांडान, बाय. त्यानं माजा काय नेला नाय." म्हातारी अंगणात उभी, टायर बसलेले, बॉनेटवर कावळ्यांनी घाण केलेली.

मग एक दिवस दामूचा फोन आला. दादाने गाडी द्यायचं ठरवलंय, भंगारवाला येणार आहे, पण दादा म्हणतो, ओढत न्यायची नाही, आपल्या पायांनी जाऊ दे. तुला बोलावलंय.

मी गेले तेव्हा काका गाडीजवळ तयार होते. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, गळ्यात टेस्ट लॅम्प. बॅटरी चार्ज करून आणलेली, टायरांत हवा भरलेली. त्यांनी आज घाई केली नाही. परतीच्या टोकापासून सुरुवात केली, आधी बॅटरीची काळी तार, मग एकेक बोल्ट. मोरपंखी रंगाचा तो जुना बोल्ट होता तसाच होता, त्याला वळसा घालून गेलेली वायर त्यांनी काढली, टोक घासलं, परत लावली. रंगावर बोट फिरवलं आणि हात काढून घेतला. मग घरात जाऊन लुगडं घेऊन आले. बॉनेटवरून ते सोडलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी आत शिरले. आत अंधार आणि लुगड्याला अजून मासळीचा वास, ग्रीसचा वास आणि तिचा. बाहेर सेल्फ फिरला.

"दिसली काय?"

"नाही, काका."

त्यांनी उतरून लुगड्याच्या कडेने आत हात घातला आणि कॉइलची वायर घट्ट केली. पुन्हा सेल्फ. प्लगच्या टोकावर टक् टक् करत निळी ठिणगी उडत होती, किती स्वच्छ. मी ती बघत राहिले. त्यांनी परत विचारलं, "बाय, दिसली काय?"

"आली," मी म्हटलं. "आली, काका, आली."

सेल्फ थांबला. किल्ली लगेच बंद केल्याचा आवाज आला, डबा तापू नये म्हणून, इतक्या दिवसांनीसुद्धा. पण ते सीटवरून उठले नाहीत. मी लुगडं डोक्यावरून बाजूला केलं नाही. मला माझे डोळे त्यांना दाखवायचे नव्हते. काचेच्या पलीकडून त्यांचा आवाज आला, हळू, स्वतःशी बोलल्यासारखा.

"एकच बरा झाला, बाय. तिला शेवटपर्यंत कळला नाय."

जन्मभर मनात आलं ते बोलत आलेली मी. ओठावर सगळं आलं होतं, तिचं हसणं, तिचा सुयांच्या गाठींचा हात, वळसा घालून गेलेली वायर. त्यांना कळायला हवं होतं की ती सगळं जाणून त्यांच्या शेजारी निजत होती. आणि तिने माझा हात धरलेला मला आठवला.

"नाही कळलं, काका," मी लुगड्याच्या आतूनच म्हटलं. "मला विचाराल तर, तिला शेवटपर्यंत डबाच वाटला."

ते "बरं" म्हणाले. मग खाली उतरले, प्लग परत बसवला, लुगडं माझ्या अंगावरून काढून घेतलं. म्हातारी पहिल्या फटक्यात चालू झाली. दामू ती चालवत भंगारवाल्याकडे घेऊन गेला, वाडीच्या वळणापर्यंत मोरपंखी बॉनेट उघडंच होतं, त्याची कडी तुटली होती. काका बघत उभे राहिले नाहीत. अंगणात खाली बसून ते लुगडं मांडीवर घेतलं आणि घडी घालायला लागले. नऊ वार कापड, एकट्या माणसाला आवरत नाही. एक टोक धरायला मी पुढे झाले, तर म्हणाले, "राहू दे, बाय, ती यायची धरायला." आणि एकटेच घालत राहिले, एक घडी चुकली की उलगडून परत पहिल्यापासून.